म्हातारे स्नायू, छोटे जीव : झिजेचा प्रश्न कृमीला आणि चिलटाला कसा विचारायचा?

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना एक विनंती करून बघा. एक मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीशी बांधायचे आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठायचं-बसायचं. तुम्ही शेजारी उभे राहा, तोल गेला तर धरायला. मोबाइलवर वेळ लावा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जे निकष ठरवले, त्यांनुसार यासाठी बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर शारीरिक क्षमता कमी झाली आहे असं धरतात. दुसरा निकष हाताच्या पकडीचा. पकड मोजायच्या यंत्रावर पुरुषांची ताकद २८ किलोच्या खाली आणि स्त्रियांची १८ किलोच्या खाली गेली, तर ती कमी समजतात.

वयाबरोबर स्नायूंचा आकार आणि ताकद घटणे, याला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवलं. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. नाव नवं असलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. "अंगात आता पूर्वीसारखा जोर राहिला नाही" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. आपण ते "वयच झालं आता" म्हणून सोडून देतो. पण मांडी घालून बसलेल्या माणसाला उठता न येणं, न्हाणीत पाय घसरून खुबा मोडणं, मग अंथरूण धरणं ही साखळी पुष्कळदा इथूनच सुरू होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यात हाताची पकडही मोजली होती. म्हणजे हा विषय आता फक्त परदेशी जर्नलांचा राहिलेला नाही.

तुमच्यापैकी बरेच जण बारामती-इंदापूर भागातल्या कॉलेजांतून प्राणीशास्त्र किंवा बायोटेक घेऊन एम.एस्सी. करताय आणि पुढे पीएच.डी.चा विचार करताय. तुमच्या मनात पहिला प्रश्न हाच येईल : माणसाचा स्नायू झिजतो तर माणसाचाच अभ्यास करा की! एक मिलिमीटरच्या कृमीला आणि सडक्या केळ्यावरच्या चिलटाला मध्ये कशाला आणायचं?

आजच्या लेखात याचं उत्तर देतो. आणि ते देताना आपल्याच भागातल्या एका फळाची, डाळिंबाची, गोष्ट सांगतो. कृमीपासून माणसापर्यंत एखादा शोध कसा जातो आणि वाटेत कुठे कुठे अडखळतो, हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी वेळेचा हिशोब

पीएच.डी.ची फेलोशिप साधारण पाच वर्षांची. माणसाचा स्नायू तिशी-चाळिशीपासून हळूहळू घटायला लागतो आणि त्रास जाणवतो साठी-सत्तरीत. म्हणजे एकाच माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं तर तीस-चाळीस वर्षं. तोपर्यंत तुमचे गाइड आणि तुम्ही स्वतः, दोघेही रिटायर! शिवाय माणसं सारखी नसतात. एकाने आयुष्यभर उसाच्या मोळ्या उचलल्या, दुसऱ्याने गादीवर बसून हिशोब लिहिले. एकीला प्रथिनं मिळाली, दुसरीच्या ताटात भाकरी-ठेचाच होता. ताकद नेमकी कशामुळे गेली, हे वेगळं कसं काढणार?

उंदीर घेतला तर तो दोन-अडीच वर्षं जगतो. म्हणजे एका फेलोशिपमध्ये फार तर दोन फेऱ्या. वर प्राणिगृह, खर्च, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी.

आता ड्रोसोफिला बघा. हे चिलट २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून दहाएक दिवसांत प्रौढ होतं आणि दोन-अडीच महिने जगतं. सी. एलेगन्स हा सूत्रकृमी तर तीन-साडेतीन दिवसांत प्रौढ होतो आणि २० अंशांना दोन-तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. तुमच्या सहा महिन्यांच्या डिझर्टेशनमध्ये कृमीची सहा-सात पूर्ण आयुष्यं एकामागून एक बघून होतात. प्रयोग पुन्हा करून खात्री करणं परवडतं, हा छोट्या जीवांचा सगळ्यात मोठा फायदा. स्वस्त असणं त्यानंतर येतं.

दुसरा फायदा सारखेपणाचा. सी. एलेगन्स बहुतेक उभयलिंगी असतो आणि स्वतःच स्वतःचं फलन करतो. त्यामुळे एका प्लेटमधले शेकडो कृमी जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे असतात. सगळ्यांना तेच अन्न, तेच तापमान. आता एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा.

नावांचा घोटाळा आधी सोडवून घेऊ

आपल्या भागात बोलताना दोन शब्दांनी हमखास गोंधळ होतो. ड्रोसोफिलाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचं सरळ भाषांतर 'फळमाशी' होतं. पण इंदापूरच्या बागायतदाराला फळमाशी म्हटलं की आंब्या-पेरूत अंडी घालणारी, सापळे लावून धरायची ती मोठी माशी आठवते. ती बॅक्ट्रोसेरा. तिचं कूळच वेगळं. आपली ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यावर, ताडी-ताकाच्या भांड्याभोवती घिरट्या घालणारं तांबड्या डोळ्यांचं चिलट. ते मुख्यतः आंबलेल्या फळावरचं यीस्ट खातं.

तसंच सूत्रकृमीचं. डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी शेतकऱ्याचा शत्रू आहे. सी. एलेगन्स त्याच मोठ्या वर्गातला, पण तो मुळं खात नाही. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातले जिवाणू खातो. घरी विषय समजावताना एवढा खुलासा करा, नाहीतर "सरकार तुम्हाला कीड पाळायला पैसे देतं का?" हा प्रश्न ठरलेला आहे.

कृमीला स्नायू असतात का?

असतात, आणि मोजून असतात. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये सी. एलेगन्सच्या जनुकशास्त्रावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध छापला. त्यानंतर या कृमीची पेशी न् पेशी मोजली गेली. प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक पेशी, त्यात ३०२ चेतापेशी आणि शरीराच्या भिंतीतल्या ९५ स्नायूपेशी. ब्रेनर, सल्स्टन आणि होर्विट्झ यांना २००२ चं नोबेल याच कृमीवरच्या कामासाठी मिळालं. स्नायूपेशींत ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे आपल्यासारखेच पट्ट्यापट्ट्यांनी रचलेले असतात आणि चेतापेशीकडून ॲसिटिलकोलीन आलं की ते आखडतात. कृमी पारदर्शक असल्यामुळे स्नायूतल्या प्रथिनाला चमकणारा टॅग जोडला तर जिवंतपणी, न कापता, सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघता येतं.

आता खरी गोष्ट. २००२ मध्ये नेचर या नियतकालिकात मोनिका ड्रिस्कॉल यांच्या गटाचा एक निबंध आला. पहिल्या लेखिका हर्नडन. त्यांनी म्हाताऱ्या होत जाणाऱ्या कृमींची तीन गटांत विभागणी केली. पहिला गट आपणहून वळवळत फिरणारा. दुसरा ढोसल्याशिवाय न हलणारा. तिसरा ढोसलं तरी जागा न सोडणारा, फक्त डोकं किंवा शेपूट हलवणारा. मग लक्षात आलं की एकाच दिवशी जन्मलेले, एकाच प्लेटवर वाढलेले, एकाच जनुकांचे कृमी त्याच वयात तिन्ही गटांत सापडतात! आणि तिसऱ्या गटात गेलेला कृमी, वय काहीही असो, थोड्याच दिवसांत मरतो. म्हणजे किती दिवसांचा आहे यापेक्षा कसा हलतो, यावरून त्याचं पुढचं आयुष्य जास्त चांगलं कळतं.

सूक्ष्मदर्शकात या कृमींच्या स्नायूंची पट्टेदार रचना विस्कटलेली दिसली, अगदी माणसाच्या सार्कोपेनियाची आठवण व्हावी अशी. उलट चेतासंस्था मात्र शेवटपर्यंत शाबूत दिसत होती. निष्कर्ष सरळ वाटतो ना? आधी स्नायू जातो, चेता टिकते.

थांबा. २०१३ मध्ये शॉन शू यांच्या मिशिगनमधल्या गटाने हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला. त्यांनी रचना बघण्याऐवजी विजेचे संकेत मोजले. म्हणजे चेतापेशी दिसते कशी हे न बघता ती काम किती करते ते तपासलं. तेव्हा उलटं चित्र दिसलं. हालचालीच्या चेतापेशींचं काम आधी मंदावतं, स्नायूंचं काम नंतर. मग त्यांनी म्हाताऱ्या कृमींना ॲरेकोलीन दिलं. हे रसायन चेता-स्नायू जोडणीवरचा संदेश वाढवतं. त्याने कृमींची हालचाल सुधारली.

ॲरेकोलीन कुठून येतं माहीत आहे? सुपारीतून. आता कुणी लगेच आजीच्या पानाच्या डब्याचं समर्थन करायला उठू नका. सुपारीने माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच स्पष्ट केलं आहे. या प्रयोगातून औषध निघालं नाही. त्यातून एक कारण कळलं : म्हाताऱ्या स्नायूत अजून दम शिल्लक होता, त्याला हुकूम नीट पोचत नव्हता. रसायनाचा असा उपयोगही असतो, कुलूप तपासायला किल्ली फिरवून बघावी तसा.

या दोन निबंधांकडून संशोधनाच्या वाटेवरचा एक धडा घ्या. दोघांनीही खरंच सांगितलं. एकाने रचना मोजली, दुसऱ्याने कार्य. पूल दिसायला ठीक असतो, पण त्यावरून ट्रक जातो का, हे वेगळं तपासावं लागतं. "काय मोजलं?" हा प्रश्न "काय सापडलं?" याच्या आधी विचारायची सवय लावा.

मोजमापाने निष्कर्ष कसा फिरतो

याचं आणखी टोकदार उदाहरण आहे. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवलं की डॅफ-२ नावाच्या एका जनुकात बदल झाला तर कृमी जवळजवळ दुप्पट जगतो. हे जनुक आपल्या इन्सुलिन ग्राहकाचं भावंड आहे. खळबळ उडाली. पण आयुष्य वाढलं म्हणजे धडधाकटपण वाढलं का? की फक्त अंथरुणातले दिवस वाढले?

२०१५ मध्ये एका गटाने दीर्घायुषी कृमींची हालचाल वयभर मोजली आणि म्हटलं की वाढलेल्या आयुष्याचा मोठा भाग दुर्बलतेतच जातो. निराशाजनक. त्याच वर्षी कोलीन मर्फी आणि सहकाऱ्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. डॅफ-२ चे कृमी मुळातच अन्नावर कमी फिरतात. त्यांची इच्छा कमी असते, ताकद नाही. म्हणून त्यांनी कृमी आपणहून किती फिरतो हे न मोजता त्याचा जास्तीत जास्त वेग मोजला. तेव्हा डॅफ-२ चे म्हातारे कृमी आपल्या वयाच्या साध्या कृमींपेक्षा चपळ निघाले.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पारावर बसून राहिलेल्या माणसाला चालता येत नाही असं नाही. कदाचित त्याला कुठे जायचंच नसेल. बैल पाठीमागे लागला की कळेल त्याचा खरा वेग!

चिलटाकडून काय मिळतं?

कृमीची एक मर्यादा आहे. त्याच्या स्नायूपेशी एकेकट्या असतात, एका केंद्रकाच्या. आपले स्नायू अनेक पेशी एकत्र जुळून झालेल्या लांब तंतूंचे असतात. चिलटाचे स्नायू या बाबतीत आपल्या जवळचे. त्याचे उडण्याचे स्नायू तर कमालीचे काम करतात. एका सेकंदाला पंखांची सुमारे दोनशे फडफड. एवढ्या कामाला ऊर्जा लागते, म्हणून ते तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी, गच्च भरलेले असतात.

२००६ मध्ये दोन गटांनी दाखवलं की पिंक-१ नावाचं जनुक बंद केलं तर चिलटाच्या उडण्याच्या स्नायूतल्या तंतुकणिका फुगतात, बिघडतात आणि स्नायू मरतो. माणसात याच जनुकातल्या दोषाने लहान वयात पार्किन्सनचा आजार होतो. पिंक-१ चं काम काय? खराब तंतुकणिकांवर खूण करणं, म्हणजे पेशी त्या गिळून, मोडून टाकते. या सफाईला मायटोफॅजी म्हणतात. गोठ्यातलं शेण रोज उचललं नाही तर काय होतं, तेच पेशीत होतं. पिंक-१ हे नाव लक्षात ठेवा, डाळिंबाच्या गोष्टीत परत येणार आहे.

२०१० मध्ये देमोंतिस आणि पेरिमॉन यांनी फॉक्सो नावाचं प्रथिन चिलटाच्या फक्त स्नायूत वाढवलं. स्नायू जास्त दिवस चांगले राहिले, हे अपेक्षित होतं. पण शरीराच्या इतर भागांतली बिघडलेल्या प्रथिनांची साठवणही कमी झाली आणि चिलटं जास्त जगली. म्हणजे स्नायू फक्त ओढण्या-ढकलण्याचं यंत्र नाही, तो बाकीच्या शरीराशी बोलतो. ठरावीक ऊतीतच जनुक चालू करण्याची ही सोय चिलटात फार सहज आहे.

आपल्या देशातलं एक उदाहरण सांगतो. आपल्या स्नायूंत दुरुस्तीसाठी राखीव पेशी असतात, त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. चिलटात त्या नसतातच असं वर्षानुवर्षं धरलं जात होतं. २०१७ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतल्या के. विजयराघवन यांच्या गटाने प्रौढ चिलटाच्या उडण्याच्या स्नायूत तशा पेशी दाखवल्या. स्नायूला इजा झाली की त्या वाढतात. मॉडेल जीवाच्या मर्यादांची यादीसुद्धा कायमची नसते, ती तपासून बघायची असते.

आणि पुण्यातलंच एक नाव हवं असेल तर हायड्रा घ्या. गोड्या पाण्यातला हा छोटा जीव योग्य परिस्थितीत म्हातारा होण्याची लक्षणंच दाखवत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालं आहे; इथल्या एका हायड्राच्या वाणाच्या नावातच 'पुणे' आहे. सगळे "म्हातारपण का येतं?" विचारतात, तेव्हा "याला का येत नाही?" असं विचारणारा जीवही कामाचा.

डाळिंब : बागेपासून प्रयोगशाळेपर्यंत

आता मुख्य गोष्ट. डाळिंबात एलाजिटॅनिन नावाची संयुगं असतात. आपण डाळिंब खाल्लं की पोटात त्यांचं एलाजिक आम्ल होतं आणि मग आतड्यातले काही जिवाणू त्यापासून युरोलिथिन-ए बनवतात. हे लक्षात घ्या : युरोलिथिन-ए डाळिंबात नसतं. ते तुमच्या आतड्यात बनतं, आणि तेही योग्य जिवाणू असतील तरच.

पहिली पायरी. २०१६ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटाने लिहिलं की सी. एलेगन्सला युरोलिथिन-ए दिलं तर त्याचं आयुष्य सुमारे ४५ टक्के वाढतं आणि म्हातारपणी हालचाल चांगली राहते.

दुसरी पायरी, माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी. परिणाम दिसला, पण तो कशामुळे? त्यांचा अंदाज होता, मायटोफॅजीमुळे. अंदाज तपासायचा कसा? पिंक-१ सारखी सफाईची जनुकं बंद करा आणि मग युरोलिथिन द्या. तसं केल्यावर आयुष्य वाढलं नाही. म्हणजे रसायनाचा रस्ता त्या जनुकांतूनच जातो. चोर कुठल्या दारातून आला हे शोधायचं असेल तर एकेक दार बंद करून बघायचं, अगदी तसं. हे कृमीत काही आठवड्यांत होतं. उंदरात याला कित्येक वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागतील.

तिसरी पायरी. याच निबंधात उंदरांचाही भाग होता. त्यांची धावण्याची क्षमता वाढलेली दिसली. एवढ्यावर जगभर मथळे झळकले. मोबाइलवर फिरणारे "डाळिंब खा, म्हातारपण पळवा" छापाचे निरोपही तुम्ही वाचले असतील.

चौथी पायरी, माणूस. २०२२ मध्ये जामा नेटवर्क ओपनमध्ये एक चाचणी छापून आली. ६५ ते ९० वयाचे ६६ लोक. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम युरोलिथिन-ए, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, चार महिने. कुणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. सुरुवात करण्याआधीच मुख्य कसोटी ठरवून ठेवली होती : सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, आणि स्नायूत ऊर्जा बनण्याचा वेग. निकाल? चालण्याचं अंतर दोन्ही गटांत वाढलं. दोघांमधला फरक मात्र योगायोगाने पडू शकेल इतकाच. ऊर्जेच्या कसोटीतही फरक सिद्ध झाला नाही. दुय्यम कसोट्यांपैकी हाताच्या आणि पायाच्या स्नायूंची दमेपर्यंत काम करण्याची क्षमता मात्र युरोलिथिनच्या गटात सुधारली. त्याच वर्षी मध्यमवयीन लोकांवरच्या दुसऱ्या एका चाचणीतही असंच झालं. मुख्य कसोटीत फरक नाही, पायाच्या ताकदीत काही सुधारणा.

मग हे यश की अपयश? दोन्ही शब्द घाईचे आहेत. नीट वाचणारा विद्यार्थी असं म्हणेल : कृमीत परिणाम मोठा आणि कारण स्पष्ट. उंदरात परिणाम चांगला. माणसात गोळी सहन झाली, काही दुय्यम खुणा आशादायक, पण मुख्य दावा अजून सिद्ध नाही. सोबत आणखी एक नोंद करेल, की या कामात ते रसायन विकणाऱ्या कंपनीचे शास्त्रज्ञ आणि पैसा होता. त्यामुळे काम खोटं ठरत नाही. पण कंपनीशी संबंध नसलेल्या गटांनी ते पुन्हा करून बघण्याची गरज वाढते.

आणि डाळिंबाचं काय? कृमीला डाळिंबाचा रस दिलेला नव्हता, शुद्ध युरोलिथिन दिलं होतं. सगळ्या माणसांच्या आतड्यांत ते पुरेसं बनत नाही. तेव्हा डाळिंब खा, छान फळ आहे, आपल्या भागाचं आहे. पण गुडघे धरून बसलेल्या शेजारच्या काकांना "हे औषधच आहे" असं सांगू नका. तुम्ही विज्ञान शिकताय, तुमच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील.

मग काकांना काय सांगायचं? जे माणसांवर सिद्ध झालं आहे ते. १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा लोकांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली. नव्वदीत! डॉक्टरांना विचारून केलेला ताकदीचा व्यायाम आणि ताटात पुरेशी प्रथिनं, डाळ, अंडी, दूध, यांच्या तोडीची गोळी अजून तरी नाही. पण व्यायाम पेशीत नेमकं काय बदलतो? इथे परत कृमी कामाला येतो. २०१९ मध्ये ड्रिस्कॉल यांच्याच गटाने कृमींना रोज पोहायला लावलं आणि तरुणपणीच्या त्या व्यायामाचा फायदा पुढे म्हातारपणी स्नायूंत आणि आतड्यांतही दिसला. हो, कृमीचाही व्यायाम घेता येतो!

तुम्हाला करायचं असेल तर

सुरुवात चिलटापासून करा. कृमीला चांगला सूक्ष्मदर्शक आणि निर्जंतुक काम लागतं, चिलटाला त्या मानाने कमी. पण काही गोष्टी पाळा.

वाण ओळखीचा घ्या. केळ्याची साल ठेवून चिलटं पकडता येतात, पण त्यात चार जातींची सरमिसळ असू शकते. म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला केंद्रातून किंवा बंगळुरूहून नोंद असलेला वाण मागवा.

तापमान सांभाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. चिलटाला २५ अंश लागतात. तिशीच्या आसपास नर वंध्य व्हायला लागतात आणि तापमान जितकं जास्त तितकं आयुष्य कमी. वीज गेली आणि इन्क्युबेटर तापला तर तुम्ही वय मोजत नाही, उन्हाळा मोजताय. म्हणून तापमानाची रोज नोंद ठेवा आणि शक्यतो काम पावसाळ्यानंतर सुरू करा.

खाद्य एकसारखं ठेवा. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगार. यीस्टचं प्रमाण बदललं तरी आयुष्य बदलतं. आपल्याकडे गूळ मुबलक आणि स्वस्त, पण प्रत्येक ढेप वेगळी. म्हणून साखर बरी.

चढण्याची चाचणी सोपी आहे. एका नळीत दहा चिलटं, नळी हलकेच आपटून सगळी तळाला आणायची आणि दहा सेकंदांत आठ सेंटिमीटरची रेघ किती जण ओलांडतात ते मोजायचं. नर-मादी वेगळे. रोज ठरलेल्या वेळी. बेशुद्ध करून वेगळी केली असतील तर एक दिवस विश्रांती. नळ्यांवर फक्त क्रमांक लिहा आणि मोजणाऱ्याला कुठली नळी कुठल्या गटाची हे कळू देऊ नका.

आकडेमोड करताना लक्षात ठेवा : एका नळीतली दहा चिलटं म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. ती एकच हवा, एकच खाद्य वाटून घेतात. नळी हे एकक धरा. तीन नळ्यांतल्या तीस चिलटांना तीस म्हणून मांडलं तर आकडा देखणा येतो आणि परीक्षक तिथेच पकडतात.

कृमीवर गेलात तर एक खास अडचण येते. एक कृमी तीनशेच्या आसपास अंडी देतो आणि तीन-चार दिवसांत पोरं आईएवढी होतात. मग प्लेटवर म्हातारं कोण आणि तरुण कोण? म्हणून अंडी देण्याच्या काळात प्रौढ कृमी रोज नव्या प्लेटवर हलवतात. पिल्लं होऊ न देणारं रसायनही वापरतात, पण त्याचाच परिणाम आयुष्यावर होऊ शकतो. म्हणून ज्यांना औषध नाही त्या गटालाही ते रसायन द्यावं लागतं.

मुलाखतीत विचारतील ते

"कृमीवरचं काम माणसाला कसं लागू होईल?" हा प्रश्न हमखास येतो. "सर, जनुकं सारखी असतात" एवढ्या उत्तराने भागत नाही. तुमचा प्रश्न कोणत्या पातळीचा आहे ते सांगा. तंतुकणिकांची सफाई, इन्सुलिनचा संदेशमार्ग, चेता आणि स्नायू यांची जोडणी, बिघडलेल्या प्रथिनांची विल्हेवाट, हे जुनं सामान आहे. ते कृमी, चिलट आणि माणूस तिघांतही आहे, तिथे कृमी चालतो. पण माणसात वेगवान आणि संथ असे स्नायूतंतू असतात, त्यांतले वेगवान आधी झिजतात. हाडं, सांधे, संप्रेरकं, साखरेचा आजार, वर्षानुवर्षांचं बसणं असतं. तो प्रश्न असेल तर कृमीला तो विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याकडे उत्तरच नाही.

म्हणून कुठलाही निबंध हातात घेतलात की वहीत चार ओळी लिहा. कोणत्या जीवात पाहिलं? नेमकं काय मोजलं? कारण तपासायला कुठलं दार बंद करून बघितलं? आणि लेखकांनी निष्कर्षात या तिन्हींच्या पुढे किती उडी मारली? या आठवड्यात डाळिंबाच्या त्या २०२२ च्या चाचणीवर हे करून बघा. तो निबंध मोफत वाचता येतो. सारांश आधी वाचू नका. तक्त्यांपासून सुरुवात करा आणि निष्कर्ष स्वतः लिहा. मग लेखकांच्या निष्कर्षाशी ताडून बघा. जिथे फरक पडेल, तिथे तुमचा संशोधनाचा पहिला प्रश्न सापडण्याची शक्यता आहे.